पाठीचे दुखणे लपवू नका, गाडीही सोडू नका

पहाटे साडेपाच वाजता चिंचवड स्टेशनच्या चौकात उभे राहिले की चाकणकडे निघालेल्या दुचाकींची रांग संपता संपत नाही. कोणी तळवड्याच्या बाजूने, कोणी भोसरी-मोशीवरून, डोक्याला हेल्मेट आणि पाठीला डब्याची पिशवी लावून पहिली पाळी गाठायला निघालेला असतो. जाऊन-येऊन चाळीस किलोमीटरच्या आसपास रस्ता, तोही कंटेनर, खड्डे आणि गतिरोधक यांच्यामधून. या रांगेत पंचविशीतली मुले जशी आहेत, तसे केस पिकलेले, पन्नाशी ओलांडलेले आपले बांधवही आहेत. आकुर्डी, पिंपरी, भोसरीच्या जुन्या कारखान्यांत त्यांची उमेदीची वर्षे गेली. आता चाकण, म्हाळुंगे, खराबवाडीकडे कंत्राटदाराच्या हाताखाली कोणी पहारा करतो, कोणी माल मोजतो, कोणी अजून मशीनवर उभा आहे.

यांतले कितीतरी जण कारखान्याच्या दारात गाडी लावली की कमरेवर हात ठेवून क्षणभर तसेच उभे राहतात. कोणी विचारलेच तर उत्तर ठरलेले असते, "काही नाही, जरा उसण भरली आहे." हे "काही नाही" महिनोन्‌महिने चालते, आणि पुढे ते त्या माणसाला व त्याच्या घराला फार महागात पडते. म्हणून पाठदुखीवर, आणि तीही उतारवयात मोटारसायकल चालवणाऱ्याच्या पाठदुखीवर, आज चार गोष्टी मोकळेपणाने सांगायच्या आहेत.

दुखणे लपवले का जाते?

याची दोन कारणे आहेत. पहिले कारण पोटाचे. "पाठ दुखते" असे तोंडातून निघाले की कंत्राटदार उद्या दुसरा माणूस उभा करील, ही धास्ती खोटी नाही.

दुसरे कारण मानाचे आहे, आणि ते आपल्या समाजाला अधिक लागू पडते. बहात्तरच्या दुष्काळानंतर मराठवाड्यातून, सोलापूरकडून जी कुटुंबे या औद्योगिक पट्ट्यात आली, त्यांच्या वाडवडिलांना गावच्या चावडीपुढून पायात वहाण घालून जाण्याचीही मुभा नव्हती. अशा घरातल्या मुलाने कारखान्याच्या पगारातून, सोसायटीचे कर्ज काढून पहिली गाडी घेतली, तिला हार घातला, बाबासाहेबांच्या पुतळ्यापाशी नेऊन उभी केली. ती गाडी त्याच्यासाठी लोखंड नव्हते. त्याच गाडीवरून तो २५ डिसेंबरला देहूरोडला गेला, जिथे १९५४ साली बाबासाहेबांनी स्वतः बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. त्याच गाडीवरून १ जानेवारीला भीमा कोरेगावला आणि २० मार्चला महाडच्या चवदार तळ्यावर गेला. आता वय झाले म्हणून "गाडी झेपत नाही" म्हणणे त्याला हार मानल्यासारखे वाटते. मुलगा म्हणतो, "बाबा, गाडी विकून टाका", आणि बाबा दुखणे आणखी खोल दडवतात.

या दोन्ही बाजूंना एवढेच सांगायचे आहे की दुखणे लपवण्याचे कारण नाही, आणि बहुतेकांना गाडी सोडण्याचेही कारण नाही.

तथागतांचीही पाठ दुखत होती

दुखण्याची लाज वाटणाऱ्यांनी त्रिपिटकातले दोन प्रसंग आठवावेत. कपिलवस्तूच्या शाक्यांनी नवे संथागार बांधले होते. भगवान बुद्धांनी तिथे रात्री उशिरापर्यंत उपदेश केला आणि मग आनंदाला सांगितले की माझी पाठ दुखते आहे, पुढचे तू सांग, मी थोडा पडतो. संघाटीची चौपदरी घडी अंथरून ते उजव्या कुशीवर पहुडले. दुसरा प्रसंग पावा येथील मल्लांच्या सभागृहातला. तिथेही हेच झाले, आणि धम्म सांगण्याचे काम त्या दिवशी सारिपुत्तावर सोपवले गेले. ऐंशीव्या वर्षी तर त्यांनी आपल्या शरीराची तुलना दोऱ्या-पट्ट्यांनी कसेबसे बांधून ठेवलेल्या जुन्या गाड्याशी केली होती.

या प्रसंगांत चमत्कार नाही, म्हणूनच ते मोलाचे आहेत. भर सभेत, शिष्यांसमोर, पाठ दुखते हे त्यांनी सरळ सांगितले. वेळेवर विश्रांती घेतली. काम दुसऱ्या योग्य माणसाकडे दिले. आणि विश्रांती झाल्यावर ते उठले, पुन्हा चालू लागले. पाठदुखीच्या माणसाला आजचा चांगला डॉक्टरही याहून वेगळे फारसे सांगणार नाही.

पाठीत नेमके काय होते?

कमरेच्या भागात पाच मोठे मणके असतात. दोन मणक्यांमध्ये एक लवचिक चकती असते, तिलाच आपण गादी म्हणतो. या गादीत तरुणपणी भरपूर पाणी असते. वय वाढेल तसे ते कमी होते. गादीला स्वतःचा रक्तपुरवठा फारच थोडा असतो. आपण हललो, चाललो, वाकलो की ती दाबली जाते, सुटते, आणि त्या दाबासोडीतून तिला पोषण मिळते. म्हणून एकाच स्थितीत तासन्‌तास बसणे तिला मानवत नाही.

मोटारसायकलवर तर नुसते बसणे नसते, हादरेही असतात. बसलेल्या माणसाचा कणा सेकंदाला साधारण चार ते सहा वेळा होणाऱ्या हेलकाव्यांना सर्वांत जास्त साथ देतो. झोपाळ्याला योग्य वेळी धक्का दिला की तो जसा वाढत जातो, तसाच हा प्रकार आहे. खराब रस्त्यावरचे हादरे नेमके या टप्प्यात येतात आणि कमरेचे स्नायू ते सावरता सावरता थकून जातात. त्यात आठ तास उभ्याचे काम, अपुरी झोप आणि घरची काळजी यांची भर पडते. दुखणे तीन महिन्यांहून जास्त राहिले तर त्याला जुनाट पाठदुखी म्हणतात.

हे दुखणे एकट्या-दुकट्याचे नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांप्रमाणे २०२० साली जगात ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती. माणसाला कामापासून अडवणाऱ्या दुखण्यांत तिचा क्रमांक जगात पहिला आहे.

फोटोतल्या दोषाला घाबरू नका

"एमआरआयमध्ये गादी झिजली आहे" असे कानावर पडले की अनेकांचा धीर सुटतो. पण २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात असे दिसले की ज्यांची पाठ मुळीच दुखत नाही अशा पन्नाशीतल्या माणसांपैकी सुमारे ८० टक्क्यांच्या फोटोतही गादीची झीज दिसते. केस पिकावेत तशी ही झीज वयाबरोबर येते. फोटोत झीज दिसली म्हणजे आपण अपंग झालो, वाकायचेच नाही, चालायचेच नाही, असा अर्थ नसतो. उलट, घाबरून अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे स्नायू दुबळे होतात आणि पाठ जास्त धरते.

गाडी आपल्या मापाची करा

आपल्याकडे गाडी घेतली की ती कंपनीने दिली तशीच वर्षानुवर्षे चालवली जाते. थोडे फेरफार केले तर पाठीला बराच आराम मिळतो.

चाकांत कंपनीने सांगितलेल्या मापाचीच हवा ठेवा. जास्त हवा भरली की प्रत्येक खडा कमरेला कळतो. मागचे शॉकअप दहा वर्षे जुने, तेल गळणारे असतील तर ते बदलण्याचा खर्च औषधांपेक्षा स्वस्त पडतो. बऱ्याच गाड्यांत शॉकअपला खाचा असतात. त्या आपल्या वजनाप्रमाणे मेकॅनिककडून लावून घ्या. हँडल इतके दूर नसावे की पोहोचण्यासाठी पुढे वाकावे लागेल. बसल्यावर पाठ सरळ, खांदे सैल आणि कोपर किंचित वाकलेले असले पाहिजेत. सीटचा फोम दबून खड्डा पडला असेल तर तो नव्याने भरून घ्या.

डब्याची आणि हत्यारांची पिशवी पाठीवर नको, गाडीच्या कॅरियरला किंवा बाजूच्या पेटीत ठेवा. मागच्या खिशातले जाड पाकीट काढून पुढे ठेवा. त्यावर बसल्याने कंबर एका बाजूला तिरकी होते. समोर गतिरोधक दिसला की वेग कमी करा आणि पायांवर भार देऊन सीटवरून थोडे उचला, म्हणजे हादरा गुडघे झेलतील.

बटणावर सुरू होणारी गाडी असेल तर किक मारू नका. किक मारताना कंबर पिळली जाते. बॅटरी उतरली असेल तर ती वेळेवर बदला. मेन स्टँडवर गाडी हाताने ओढून चढवू नका. दोन्ही बाजूंनी स्टँड जमिनीला टेकल्याची खात्री करून अंगाचा भार पायाने स्टँडवर द्या, किंवा सरळ साइड स्टँड वापरा. भरलेला गॅस सिलिंडर गाडीवरून एकट्याने आणण्याचा मोह तर सोडलाच पाहिजे.

लांबच्या प्रवासात, समजा महाडला जाताना, तीन-चार तास एका दमात गाडी मारण्यात पुरुषार्थ नाही. पाऊण तासाला थांबा, उतरा, पाच मिनिटे चाला. सोबतच्या तरुणांना हे आधीच सांगून ठेवा. घाटात थकवा वाटला तर गाडी दुसऱ्याच्या हाती देऊन मागे बसा. दुखणे जोरात असेल त्या दिवशी कंपनीची बस, पीएमपीची बस किंवा शेजाऱ्याची चारचाकी बघावी.

लाथ, पट्टा, गोळी आणि बाटली

आपल्या वस्त्यांत अजून एक उपाय चालतो. उसण भरली की पायाळू माणसाला शोधून त्याच्याकडून कमरेवर लाथ मारून घ्यायची. जन्मताना पाय आधी आले म्हणून कोणाच्या पायात औषध उतरत नाही. मणका आधीच ठिसूळ झालेल्या म्हाताऱ्या माणसाला अशी लाथ कायमची खाटेवर पाडू शकते. बाबासाहेबांनी आपल्याला धम्म दिला तो असल्या समजुती फेकून देण्यासाठीच. गरम पाण्याच्या पिशवीचा शेक घ्यायला हरकत नाही. त्याने स्नायू सैल होतात.

कमरेचा पट्टा अनेक गाडीवाले कायम बांधतात. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत व्यायाम आणि रुग्णाला नीट समजावून सांगणे यांवर भर आहे. नेहमीच्या उपचारासाठी पट्टा बांधणे किंवा वजने लावून कंबर ताणणे यांची शिफारस केलेली नाही. डॉक्टरांनी खास कारणासाठी सांगितले असेल तर गोष्ट वेगळी.

वेदनाशामक गोळ्या मेडिकलमधून परस्पर आणून रोज खाणे धोक्याचे आहे. या गोळ्यांनी पोटात व्रण होतात, रक्तदाब वाढतो, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्यांना हा धोका अधिक. डॉक्टरांनी सांगितल्या तेवढ्याच दिवस त्या घ्याव्यात. बाजारातल्या बिननावाच्या पुड्यांत काय मिसळलेले असते ते विकणाऱ्यालाही सांगता येत नाही.

आणि बाटली. "पाठ दुखते म्हणून थोडी घेतो" हे कारण अनेक घरांतल्या माउलींनी ऐकले आहे. दारूने वेदना तासभर बधिर होते, झोप मात्र बिघडते, आणि दुसऱ्या दिवशी दुखणे आहे तिथेच असते. शिवाय त्या अवस्थेत गाडीला किक मारली तर प्रश्न पाठीचा राहत नाही, जिवाचा होतो. पाचवे शील आपण दर वंदनेला म्हणतो, ते अशाच संध्याकाळी पाळायचे असते.

रोजचा अर्धा तास

पाठीचे खरे औषध चालणे आहे. ऑस्ट्रेलियातील ७०१ जणांवर केलेला एक अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला. कंबरदुखीतून नुकत्याच बऱ्या झालेल्या ज्या लोकांना टप्प्याटप्प्याने चालण्याची सवय लावली, त्यांचे दुखणे पुन्हा उलटायला इतरांपेक्षा जवळजवळ दुप्पट काळ लागला. आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास चालणे हे त्यांचे उद्दिष्ट होते. याला पैसा लागत नाही. दहा मिनिटांपासून सुरुवात करा.

त्यासोबत घरच्या घरी तीन सोपे व्यायाम करावेत. उताणे झोपून गुडघे वाकवा आणि कंबर हलकेच जमिनीला टेकवून पाच अंक मोजा. मग त्याच स्थितीत नितंब जमिनीवरून थोडे उचला, पाच अंक धरा, खाली आणा. तिसरा व्यायाम खुर्चीचा. हाताचा आधार न घेता खुर्चीवरून उठा आणि सावकाश बसा. प्रत्येक व्यायाम आठ-दहा वेळा पुरे. ताण जाणवला तर चालेल, पण पायात कळ उतरली तर थांबा.

पाठ दुखणाऱ्याने कडक जमिनीवरच झोपावे हा समजही बरोबर नाही. २००३ सालच्या स्पेनमधील एका अभ्यासात फार कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादी बरी ठरली. कुशीवर झोपताना दोन गुडघ्यांमध्ये उशी घ्यावी. विहारात पंचांग प्रणाम करताना कंबर अडत असेल तर उभ्याने किंवा खुर्चीवर बसून हात जोडावेत. श्रद्धा कमरेच्या वाकण्यावर मोजली जात नाही.

मागच्या सीटवरची पाठ

गाडी चालवणाऱ्याच्या पाठीबद्दल आपण बोलतो, मागे बसणारीच्या पाठीकडे कोणी बघत नाही. साडी सावरत एका बाजूला पाय सोडून बसले की कंबर पूर्ण प्रवासभर पिळलेली राहते. त्यात मांडीवर नातू, हातात पिशवी. शक्य असेल तेव्हा पंजाबी ड्रेस घालून दोन्ही बाजूंना पाय सोडून बसावे. ते अधिक सुरक्षितही आहे. सासूबाईंनी, शेजारणींनी त्यावर नाक मुरडू नये. पाण्याचे हंडे, धुण्याची बादली, जमिनीवर वाकून केलेली कामे यांनी आधीच थकलेली ती पाठ आहे. घरातली ओझी पुरुषांनी आणि मुलांनी वाटून घेतली तर दोन पाठी वाचतात.

या खुणा दिसल्या तर थांबू नका

बहुतेक पाठदुखी धोक्याची नसते. पण लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटणे, बसण्याची जागा बधिर होणे, पायातली शक्ती जाणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जा. संध्याकाळी बारीक ताप, वजन घटणे, रात्री घाम आणि विश्रांतीतही न थांबणारी पाठदुखी असेल तर मणक्याचा क्षयरोग असू शकतो. तो औषधाने बरा होतो, आणि सरकारी यंत्रणेत त्याची औषधे मोफत मिळतात. गाडीवरून पडल्यानंतर सुरू झालेले दुखणेही तपासून घ्यावे.

आपल्या हक्काचा दवाखाना

१९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्याच काळात, १९४३ साली, प्रा. आदारकर यांच्याकडे कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम देण्यात आले. १९४४ साली त्यांचा अहवाल आला. त्यातून पुढे १९४८ चा कामगार राज्य विमा कायदा उभा राहिला. १९४६ साली कारखान्यातील कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ वर आले तेही बाबासाहेबांच्याच कारकिर्दीत. म्हणजे चिंचवडच्या मोहननगरातले कामगार विमा रुग्णालय ही आपल्यावर कोणी केलेली मेहेरबानी नाही.

ज्याच्या पगारातून विम्याची वर्गणी कापली जाते, त्याने ठरावीक दिवसांची वर्गणी भरलेली असेल तर आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मजुरीच्या ७० टक्के भत्ता मिळण्याची तरतूद या योजनेत आहे. म्हणून अंगावर दुखणे काढण्यापेक्षा किंवा न सांगता दांडी मारण्यापेक्षा विम्याच्या डॉक्टरांचा दाखला घेऊन सुट्टी घ्या. कंत्राटदारासमोर तोंडी तक्रारीपेक्षा तो कागद वजनदार ठरतो. कामावर जाता-येता झालेला अपघातही, कामाशी त्याचा संबंध दिसत असेल तर, २०१० च्या दुरुस्तीने कामावरची इजा धरला गेला आहे. किमान पाच वर्षे विमाधारक राहून वयोमानाने निवृत्त झालेल्याला वर्षाला १२० रुपये भरून स्वतःसाठी आणि जोडीदारासाठी औषधोपचार चालू ठेवण्याची सोयही योजनेत केलेली आहे. शाखा कार्यालयात जाऊन याची चौकशी जरूर करा. विमा नसलेल्यांसाठी संत तुकारामनगरचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे.

वस्तीतल्या शिकलेल्या मुलांनी या कामी पुढे व्हावे. रविवारच्या वंदनेनंतर दोन ज्येष्ठांचे विम्याचे कागद भरून दिले, एकाच्या गाडीची हवा आणि शॉकअप तपासून दिले, चार जणांना सोबत घेऊन अर्धा तास चालायला नेले, तरी पुष्कळ झाले. आणि ज्येष्ठांनी आज घरी गेल्यावर एकच करावे. "काही नाही" म्हणण्याऐवजी पाठ कुठे दुखते, केव्हापासून दुखते, हे घरच्यांना सरळ सांगावे.